आधी नवाबाचं पाहू

हसायचं असन त आताच हसून घ्या. मधातच हसान त मले राग येईन. अन् माहा राग आता पह्यलेसारखा राह्यला नाई, आला की लगेच निघून जाते. काहून निघून जाते, तेच सांगून राह्यलो.

मी भगवंतराव, जातीचा माळी. रिसोडच्या शिवेले लागून माही बागाईत हाये. वांगे, मेथी, सांबार म्हंजे कोथिंबीर, मिरच्या. बाजाराच्या दिवशी माहे वांगे उतरले की बाया बाकीच्यांच्या पालाकडं पाहत बी नाईत. पन गावात माहं नाव काही वांग्याइनं झालं नाई. नाव झालं दोन गोष्टीइनं. एक माह्या मिश्या, अन् दुसरा माहा गोऱ्हा, नवाब.

मिश्याइले मी रोज सकाळी लोनी लावो अन् पीळ द्यो. माही बायको गिरजा म्हने, "भाकरीले लोनी नाई अन् मिश्याइले हाये." मी तिच्याकडं ध्यान देत नव्हतो. मिशी असलेला मानूस बायकोकडं कायले ध्यान देते!

अन् नवाब म्हंजे काय सांगू! पांढराफेक, मानेवर काळी झाक, वशिंड असं का त्यावर पागोटं ठुवावं. दोन दाती झाला तवा सारे मले म्हनले, भगवंता, आता त्याले ठेचून घे. आमच्याकडं चालच हाये, गोऱ्हा जुवाखाली घ्यायचा त आधी त्याले खच्ची करा लागते. मोटेचा बैल शांत पाह्यजे. हिरीच्या धावेवरून खाली जायचं, मोट वर आली की उलट्या पायानं मांगं यायचं, दिवसभर हेच. सांडाच्या बाचं हे काम नाई. पन मी आयकतो कायले! म्या म्हनलं, मर्दाच्या घरचा बैल मर्दच राहीन.

राह्यला मंग मर्द. बापूराव माहा शेजारी अन् लहानपनचा दोस्त, त्याची गाय बांधावर दिसली की हा भरली मोट घेऊन तिच्या मांगं. नाडा तुटे, मोट हिरीत पडे, अन् मेथीचा वाफा असा तुडवला जाये का मेथी होती का नाई, हे बी समजे नाई. गिरजाले त त्यानं एकडाव शिंगावर घेता घेता सोडलं. तवापासून ती त्याच्या दावनीकडं गेली नाई, चारा दुरूनच फेके. मी म्हनो, "बाईच्या जातीले मर्दाची कदर नाई."

गिरजाचं बी तवा एक निराळंच चालू होतं. भर हिवाळ्यात सारे शेकोटीले चिकटून बसेल असले का ही एकदम पदर झटकत उठे अन् हिरीकडं पळे. तिथं उघड्या वाऱ्यात उभी राहे. "आंगातून जाळ निघून राह्यला," म्हने. मी म्हनो, "कामाचा कंटाळा हाये तो." ती थोड्यानं येऊन निमूटपनं भाकरी थापाले बसे.

आता माहं सांगतो. मोठी लढाई सरली त्या सालची गोष्ट. मले लघवीचा तरास सुरू झाला. बांधावर उभा राहो अन् उभाच राहो. बापूराव तिकडून मोट हाकता हाकता ओरडे, "काय गा भगवंता, भिजला का नाई अजून वाफा?" मंग कंबर दुखाले लागली. मंग मांडी. माह्या डोस्क्यात एकच आलं, मर्दपना उतरून राह्यला. दुसरं काही येत बी नव्हतं म्हना त्या डोस्क्यात.

वाशीमले जगदेव नावाचा एक जन होता. लढाईत कोन्या मिल्ट्रीच्या दवाखान्यात कंपाउंडर होता म्हने. परत येऊन एक खोली घेऊन बसला अन् लोकाइले सुया टोचे. खोकल्याले सुई, जुलाबाले सुई, पोरगा होत नाई, घ्या सुई. त्यानं मले वरपासून खालपर्यंत न्याहाळलं अन् म्हने, "दादा, तुमचा रस आटला. हे पाहा तेलातलं औषध. मर्दपन्याचा अर्क हाये हा. गोरे सायब लोक घेतात. बैलापासून काढतात."

मले लगेच पटलं. ज्या मानसानं आपला गोऱ्हा ठेचला नाई, त्याले बैलाचा अर्क लागू पडनार नाई त कोनाले!

सुरुवातीले त बाप्पा, काय तरतरी! निदान मले तसं वाटलं. रस्त्यानं नवाबासारखी मान काढून चालो. मंग काही दिवसाइनं कंबरेतलं दुखनं पाठीच्या कन्यात चढलं. झोप गेली. म्या म्हनलं, सुई कमी पडून राह्यली. म्हनून अजून घेतल्या. दुखनं अजून वाढलं, म्या अजून घेतल्या. आ बैल मुझे मार म्हन्तात ते हेच. अन् मी त बैल सुईतून भरून घेत होतो.

शेवटी एका सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवता येईना. गिरजानं मले काही इचारलं नाई. बापूरावची दमनी आनली, मले तिच्यात घातलं, वाशीमले रेलगाडीत बसवलं अन् अकोल्याच्या दवाखान्यात नेऊन टाकलं.

तिथं डॉक्टर देवस्थळी होते. पुन्याकडचे, बारीक आंगाचे, मिशीचा पत्ता नाई. मले मनातल्या मनात त्यांची कीव आली. ते म्हने, कुशीवर वळा. वळलो. मंग त्याइनं हातात रबराचा मोजा घातला अन् जे केलं ते मी सांगनार नाई. एवढंच सांगतो, सारा जलम ज्या मिशीले पीळ देला, त्या मिशीसकट म्या उशी चावली.

मंग हाडाइचा फोटो काढला. डॉक्टरनं तो खिडकीच्या उजेडात धरला अन् लय वेळ पाहत राह्यले. गिरजाले बाहेर बसवलं अन् मले सांगाले लागले.

"भगवंतराव, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी पुरुषाला एक गाठ असते, सुपारीपेक्षा थोडी मोठी. तिला प्रोस्टेट म्हणतात. तुमच्या त्या गाठीत कॅन्सर झालाय, आणि तिथून तो हाडांत पसरलाय. हे पांढरे डाग दिसतात ना, ते तेच."

मले डाग दिसले. 

"काही औषध घेतलं होतं का?"

म्या पडल्या पडल्या छाती फुगवली अन् जगदेवच्या सुयाइचं सारं सांगतलं. बैलाचा अर्क, गोरे सायब, सारं. डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुरुषाच्या वृषणांमधून एक रस रक्तात उतरतो," ते म्हनले. "त्याला हार्मोन म्हणतात. दाढीमिशा येतात त्या त्याच्यामुळे, आवाज फुटतो तो त्याच्यामुळे. ही प्रोस्टेटची गाठही त्याच रसावर पोसते. आणि तिच्यात कॅन्सर झाला, की तोही त्याच रसावर पोसतो, वाढतो, पसरतो. तुमच्या अंगात तो रस होताच. वरून तुम्ही तोच सुईने टोचून घेतलात."

मी माळी मानूस, मले हे चटकन समजलं. वांग्याच्या वावरात कुंद्याचं तन माजलं होतं, अन् मी त्या तनाले दोन्ही टाईम मोटेचं पानी सोडून राह्यलो होतो. वरून म्हनत होतो, पानी कमी पडून राह्यलं! असा हुशार मानूस तुमाले अख्ख्या वऱ्हाडात सापडनार नाई.

"मंग आता?"

"पाणी तोडायचं," डॉक्टर म्हनले. "अमेरिकेतल्या एका सर्जनने चार-पाच वर्षांपूर्वी हे दाखवून दिलंय. दोन्ही वृषण काढून टाकायचे. ऑपरेशन लहान आहे. खाटेला खिळलेली माणसं त्यानंतर उठून चालायला लागली आहेत."

"काढून टाकाचे म्हंजे?"

डॉक्टर जरासे अडखळले. "म्हणजे... गोऱ्ह्याचं करतात ना, तेच."

म्या छताकडं पाह्यलं. मंग इचारलं, "याच्यावर गोळीबिळी नाई का काही?"

"आहेत. बायकांच्या अंगात जो रस असतो, त्याच्यासारख्या गोळ्या आहेत. पण लढाईपासून इकडे मिळत नाहीत."

म्हंजे एक त बैल व्हा, नाईतर गाय व्हा. अन् गाय बी दुकानात शिल्लक नाई!

"अन् काहीच केलं नाई त?"

"पसरत जाईल. पाठीच्या कण्यात तो आलाच आहे. तिथली नस दाबली गेली की पाय जातील. मग वर्षही निघणार नाही." मंग ते खुर्ची जवळ घेऊन हळू बोलले, "आणि केलं तर पूर्ण बरं होईल, असंही मी सांगत नाही. तो वाळेल, पण मुळं राहतात. दोन वर्षं मिळतील, कदाचित चार."

मुळ्या राहतात हे मले कुंद्यानं लहानपनीच शिकवलं होतं.

गिरजा वऱ्हांड्यात गाठोड्याले टेकून बसली होती. म्या तिले सारं सांगतलं. फक्त ते दोन अन् चार सालाचं सांगतलं नाई. ती आयकत राह्यली, मंग म्हने, "मंग करून टाका ना."

"करून टाका! मी का बैल हाये?"

"बैल असते त म्या केव्हाच करून घेतलं असतं."

डॉक्टरले म्या सांगतलं, घरी जाऊन इचार करून येतो. शहान्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हन्तात. म्या म्हनलं, दवाखान्याची बी चढू नये. काठीच्या अन् गिरजाच्या आधारानं बाहेर पडलो.

रेलगाडीत मले एक अक्कल सुचली. त्या अकलेचा मले एवढा अभिमान वाटला का थोडा वेळ दुखनं बी थांबलं. म्या म्हनलं, आधी नवाबाचं पाहू. त्याच्या आंगात तोच रस, माह्या आंगात तोच. त्याले ठेचला अन् तो नवाब राह्यला, त आपुन बी जाऊ. अन् त्याचं गाढव झालं, त आपुन मिश्याइसकट मरू. गिरजाले सांगतलं त तिनं कपाळाले हात लावला. म्हने, "डॉक्टर मोठा का नवाब मोठा?"

"नवाब घरचा हाये," म्या म्हनलं.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरून सोमलाले बोलावलं. त्याच्या बाप-आज्यानं बैलाइवर धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. आता आजूबाजूच्या गावात कोनाचा बी गोऱ्हा ठेचायचा असो, त्यालेच सांगावा जाये. आल्या आल्या म्हने, "आता आठोन झाली का दादा? सांगून सांगून माहं तोंड दुखलं."

म्या माही खाट लिंबाखाली काढाले लावली. जवळून पाहायचं होतं ना! नवाबाले दोर घालून पाडलं. चार जन त्याच्या आंगावर बसले. सोमलानं दोन काठ्या काढल्या, नवाबाले हात लावून कपाळाले लावला, अन् मंग त्या दोन काठ्याइच्या मधात... जाऊ द्या. नवाब असा हंबरला का तिकडं बापूरावची मोट थांबली. अन् त्याच्या संग मी बी हंबरलो.

सोमला दचकून उभा राह्यला. "तुमाले काय झालं दादा?"

"काही नाई. बैलाची माया हाये."

दोन्ही मांड्या म्या अशा आवळून घेतल्या होत्या का दुखरी कोन्ती अन् चांगली कोन्ती, हे समजत नव्हतं. घाम कपाळावरून मिशीत अन् मिशीतून तोंडात. सोमला पानी पिऊन बसला तवा म्या सहज इचारल्यासारखं इचारलं, "काय गा सोमला, मानसाले असं करत नाईत का कोनी?"

"मानसाले कायले करा लागते दादा?" तो म्हने. "मानूस जुवाखाली आपल्या हातानंच मान देते."

तवापासून माहं एकच काम, खाटेवर पडून नवाबाकडं पाहनं. पह्यले काही दिवस तो मान टाकून उभा राहे. गिरजा कधी नाई ते त्याच्या जवळ गेली अन् सुजेवर हळद-तेल लावाले लागली. मंग सूज उतरली. मी पाहो, खाते का? हाव, खाते. मान झुकली का? जराशी. गाई त्याले हसतात का? म्या लय बारीक ध्यान ठुलं, पन गाईइले काही घेनं-देनं नव्हतं. बापूरावची गाय बांधावर आली, नवाबानं तिच्याकडं पाह्यलं, तिनं नवाबाकडं पाह्यलं, अन् दोघं बी आपापलं गवत खात राह्यले. मले लय वाईट वाटलं. त्या दोघाइले काहीच वाटलं नाई.

मंग तो मोटेले लागला. बापूराव सकाळी येऊन हाके. धावेवरून खाली, उलट्या पायानं वर, नाडा तुटला नाई का मोट पडली नाई. त्या साली मेथी अशी आली का गिरजानं पह्यल्यांदा टोपले भरून बाजारात नेले.

अन् एका संध्याकाळी म्या पाह्यलं, गिरजा दावनीपाशी उभी हाये अन् नवाबाच्या कपाळावरून हात फिरवून राह्यली. नवाबानं डोळे मिटून घेतले होते. मले असा राग आला! म्हनलं, अरे नवाबा, इकला गेलास तू. मंग पडल्या पडल्या आठवाले लागलो, गिरजानं माह्या कपाळाले हात केव्हा लावला होता. आठवेना. लावन तरी कशी? मी बी सारा जलम शिंगं रोखूनच बसेल होतो.

तुमाले वाटन, आता हा मानूस अकोल्याले गेला असन. नाई गेला. सुंभ जळते पन पीळ जळत नाई. म्या म्हनलं, अजून थोडं पाहू. हिवाळ्यात कसा राहते ते पाहू. बैलाचं पाहता पाहता माहं सारं आंग वाळून चाललं होतं, ते पाहायले मले फुरसत नव्हती.

एक दिवस सकाळी काठी घेऊन वांग्याच्या वाफ्यापर्यंत गेलो. भिजवलेला वाफा होता. तिथं पाय गेले. घसरले नाईत, गेले. जसं कोनी कंबरेखालचं मानूस काढून नेलं. मी वांग्यात आडवा पडलो अन् पायाले सांगून राह्यलो, हाल, अन् पाय आयकत नव्हते. तवा मी भ्यालो. खरं सांगतो, सापाले भ्यालो नव्हतो, तापसरीच्या साथीले भ्यालो नव्हतो, तवा भ्यालो. ओरडलो, "गिरजा! गिरजा वं!"

ती धावत आली. माह्या काखेत हात घालून ओढाले लागली. तिच्यानं हलेना. परत ओढलं. मंग ती तिथंच चिखलात बसली अन् रडाले लागली. एवढ्या सालात म्या तिले कित्येक गोष्टीइनं रडवलं असन, पन माह्यासाठी रडतानी पह्यल्यांदा पाहून राह्यलो होतो.

"गिरजा, गावात तोंड कसं दाखवू?" म्या म्हनलं. "ह्या मिश्या घेऊन हिंडलो सारा जलम."

तिनं चिखलाच्या हातानं नाक पुसलं. "मिश्या मेल्यावर बी राहतात," ती म्हने. "माह्या बापाच्या तिरडीवर राह्यल्या होत्या. मले मिश्या घेऊन काय करायचं? मले भांडायले मानूस पाह्यजे घरात."

 म्या म्हनलं, "बापूरावले हाक मार."

बापूरावनं दमनी जुपली. एका बाजूले त्याचा बैल अन् दुसऱ्या बाजूले नवाब. वाशीमपर्यंत असा निवांत चालला का मांडीले एक हिसका बसला नाई. एकडाव बी मांगं वळून पाह्यलं नाई त्यानं. मले मांगून त्याचे शिंग दिसत होते अन् वाटत होतं, याले समदं म्हाईत हाये.

डॉक्टर देवस्थळी रागावले नाई. "उशीर केलात," एवढंच म्हनले. कंबरेत बधिर कराची सुई देली. त्या सुईचं मी काही वाईट बोलनार नाई. म्या हंबरायची पुरी तयारी ठुली होती, ती वाया गेली. ऑपरेशन कवा झालं ते समजलं बी नाई.

अन् मंग आठवड्याच्या आतच एक सकाळ अशी उगवली का मी जागा झालो अन् काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरात रोज रडनारं पोरगं गप झालं का जसं वाटते तसं. दुखत नव्हतं. कंबर नाई, मांडी नाई, कना नाई. पायाची बोटं हलवून पाह्यली. हलली. मी भिंतीकडं तोंड करून रडलो. दुखलं तवा रडलो नव्हतो, दुखत नाई म्हनून रडलो. मंग मिशी चाचपून पाह्यली. होती बापा, जागेवरच होती!

परत येतानी माह्या जीवाले एकच घोर, गावात काय सांगायचं? गिरजानं वाशीमच्या ठेसनावर नळाजवळचा एक गुळगुळीत दगड उचलला, धुतला अन् फडक्यात बांधला.

"काय करतं वं?"

"मुतखडा हाये तुमचा. डॉक्टरनं काढून देला."

मी तिच्याकडं पाहतच राह्यलो. दगड चांगला लिंबाएवढा होता.

"गिरजा, जरा लहान पाहून घेतला असता."

"तुमी मोठे मानूस," ती म्हने. "तुमाले लहान शोभते का?"

गावात आलो त दर्शनाले रीघ लागली. बापूरावनं दगड हातात घेतला अन् त्याचे डोळे बाहेर यायचे राह्यले. "बाप्पा! भगवंता, हा निघाला कुठून?"

"इचारू नोको," म्या म्हनलं.

"अन् एवढं धोंडं घेऊन तू फिरत होता! म्हनून वाफा भिजत नव्हता लेका. मर्द असावा त असा!" सारा गाव तेच बोलाले लागला. जे काढून टाकलं त्यानं माहं नाव गेलं नाई, अन् ठेसनावरच्या दगडानं पह्यलेपेक्षा मोठं झालं. मी बी दोन्ही हातानं घेतलं. मले का लाज हाये!

माघाची थंडी होती. मी काठी घेऊन हिंडाफिराले लागलो होतो. संध्याकाळी आंगनात शेकोटी, भवताल बापूराव अन् अजून चार जन, दगड ह्या हातातून त्या हातात. मी घोंगडं पांघरून, मिशीले पीळ देऊन सांगून राह्यलो होतो, डॉक्टर कसा घामाघूम झाला, दगड कसा निघता निघेना. अन् एकदम छातीतून काहीतरी वर आलं. जाळ! गळा पेटला, कान पेटले, डोस्कं पेटलं. सदरा चिंब. म्या म्हनलं, झालं, खोटं बोललो अन् देवानं तिथल्या तिथं धरलं. घोंगडं फेकलं अन् काठी टेकत हिरीकडं पळालो. उघड्या वाऱ्यात जाऊन उभा राह्यलो.

गिरजा मांगून आली. "काय होते?"

"आंगातून जाळ निघून राह्यला वं," म्या म्हनलं. "मी काही वाचत नाई आता."

तिनं माह्याकडं पाह्यलं. लाल तोंड, गळ्यावरून घाम, माघात उघडा सदरा. मंग ती हिरीच्या कठड्यावर बसली अन् हसाले लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना, डोळ्यातून पानी आलं.

"कामाचा कंटाळा हाये तो," ती म्हने.

मी उभाच राह्यलो. घाम गार होत गेला. तिचे ते सारे हिवाळे माह्या समोर आले. ती ह्याच जागी उभी राहे अन् मी तिकडं शेकोटीपाशी मिशीले पीळ देत बसेल राहो.

"असंच होत होतं तुले?"

"असंच. पाळी गेली तवापासून, माहा बी रस आटला."

"आता मरतो असं वाटते वं."

"वाटते. पन मरत नाई मानूस. थोड्यानं जाते निघून." तिनं कंबरेले खोचेल शिंदीच्या पानाचा पंखा काढला अन् मले वारा घालाले लागली. म्हंजे ती हिवाळ्यात बी पंखा संग बाळगत होती, अन् मले कधी दिसला नव्हता.

जाळ उतरला. मी तिच्याजवळ कठड्यावर बसलो. ती म्हने, "डॉक्टरनं किती साल सांगतले?"

साऱ्या गावाले दगड दाखवून खोटं बोलनारा मी, पन तिच्यासमोर खोटं निघेना. "दोन. लय झाले त चार."

"मले म्हाईत हाये. पह्यल्या खेपेले दवाखान्यातून निघतानी तुमी काठी शोधून राह्यले होते, तवा त्याइनं मले बी सांगतलं."

"अन् तरी तू वाफ्यात बसून मांगं लागली?"

"काहून? दोन साल का कमी असतात?" तिचा आवाज जरासा फाटला. "आतापर्यंत तुमी माह्याजवळ असे दोन दिवस तरी बसले का?"

म्या तिच्या हातातला पंखा घेतला. वारा घालाची मले सवय नव्हती, तो तिच्या नाकाले लागला. तिकडून शेकोटीपाशी बापूराव ओरडून राह्यला होता, "काय गा भगवंता, हे धोंडं ठुवू कुठं?"

"ठुव तिथंच," म्या ओरडलो.

गिरजानं एकदम पदर झटकला. "सरका तिकडं," ती म्हने. "मले बी आला."

मी सरकलो, अन् वारा घालत राह्यलो.